पहिल्या तपासणीला जाताना सोबत काय न्यायचं?

सांगली-मिरजेकडे अजूनही बऱ्याच घरांतून दिवस राहिल्याची बातमी तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर जात नाही. पाहुण्यारावळ्यांपुरतं ते ठीक आहे, डॉक्टरांच्या बाबतीत नाही. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. ती नीट मिटावी म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड लागतं. खरं तर मूल हवं असं ठरवलं तेव्हापासूनच ते घ्यायला हवं. चौथ्या महिन्यात सुरू केलेली गोळी या कामी येत नाही. म्हणून घरच्या टेस्टमध्ये दोन रेघा दिसल्या की त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा. पोटात एका बाजूला कळा येत असतील किंवा अंगावरून जात असेल, तर त्याच दिवशी.

पहिल्या भेटीत वजन, बीपी, रक्त, लघवी हे सगळं तपासतात. पण माझ्या मते त्या दिवशीची सर्वांत मोलाची तपासणी म्हणजे डॉक्टरांचे प्रश्न. त्यांची उत्तरं लॅबमध्ये मिळत नाहीत, ती घरूनच न्यावी लागतात.

पहिला प्रश्न शेवटच्या पाळीचा. बाळंतपणाची तारीख काढायला पाळी सुरू झाली त्या दिवसापासून नऊ महिने सात दिवस मोजतात. १० जूनला आली असेल तर १७ मार्च, म्हणजे २८० दिवस. हा हिशोब २८ दिवसांच्या चक्राचा आहे. तुमची पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बीज बाहेर पडायलाच साधारण आठवडा उशीर होतो आणि तारीखही तेवढीच पुढे सरकते. ‘बेंदराच्या आदल्या दिवशी आली होती’ एवढं आठवलं तरी पुरे, कॅलेंडर बघून तारीख काढता येते. पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीत बाळाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी मोजून बाळंतपणाची तारीख पडताळतात. तेव्हा चूक पाच-सात दिवसांची असते. शेवटच्या महिन्यांत हाच अंदाज दोन-तीन आठवड्यांनीही चुकू शकतो.

मग येतो व्यसनाचा प्रश्न. ‘तंबाखू खाता का?’ म्हटल्यावर ‘नाही’ असं उत्तर येतं, आणि ती बाई खोटं बोलत नसते. सकाळी दातांना मशेरी लावणं हे तिच्या लेखी तंबाखू खाणं नसतंच. पण मशेरी म्हणजे भाजलेला तंबाखूच. त्यातलं निकोटीन हिरड्यांतून थेट रक्तात उतरतं, वारेच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बाळाला रक्त कमी मिळतं. त्यामुळे बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं होण्याचा धोका वाढतो. तेव्हा कुणी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा. डॉक्टर सोडायला मदत करतील.

लग्न नात्यातलं असेल, म्हणजे मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी, तर तेही सांगावं. बहुतेकींची मुलं ठणठणीत असतात. पण थॅलेसेमियासारख्या आजाराचा सदोष जनुक एकाच आजोबांकडून दोघांकडेही आलेला असू शकतो. तसं असेल तर प्रत्येक खेपेला बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. आईच्या रक्ताच्या साध्या तपासणीतून आधी कळतं, आणि गरज असेल तरच वडिलांचं रक्त तपासतात.

तासगावकडच्या बायकांनी द्राक्षबागेतल्या फवारणीचंही सांगावं, कारण या दिवसांत फवारणीच्या औषधांपासून लांब राहिलेलं बरं. चालू असलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत टाकून न्या. फिटच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात, पण त्या मनाने बंद केल्या तर झटका येऊन आईच धोक्यात येते. बदल डॉक्टरच करतील.

सासूबाई सोबत असतात तेव्हा आधी पडलेलं किंवा पाडलेलं मूल सांगायला जीभ रेटत नाही. अशा वेळी ‘मला थोडं एकटीनं बोलायचंय’ असं नर्सच्या कानावर घालावं. तो तुमचा हक्क आहे.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना तो आढळला. लोहाची गोळी चहासोबत घेतली तर चहा तिचं बरंचसं लोह अडवतो. त्यापेक्षा लिंबूपाण्यासोबत घ्यावी. एचआयव्ही, कावीळ ब, गुप्तरोग, साखर, थायरॉईड हेही तपासतात. रक्तगट मात्र नीट लक्षात ठेवा. आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर बाळाच्या रक्तपेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, आणि त्याचा फटका पुढच्या बाळाला बसतो. म्हणून निगेटिव्ह आईला २८ व्या आठवड्याच्या सुमाराला अँटी-डीचं इंजेक्शन देतात, आणि बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत पुन्हा.

आता आपल्याकडची रीत बघा. पहिलं बाळंतपण माहेरी. नाव नोंदवलेलं असतं मिरजेत आणि कळा सुरू होतात जतला. आशाताईंनी दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड आणि फाइल सासरच्या कपाटात राहिली, तर नव्या डॉक्टरांना सगळं पहिल्यापासून विचारावं लागतं. ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची तर दर हंगामाला हीच अडचण. कार्ड कायम सोबत ठेवा, आणि प्रत्येक तपासणीनंतर त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये काढून नवऱ्याला आणि आईला पाठवून ठेवा.