टपाल तिकिटाएवढे मुखचित्र

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये गेल्या शतकातल्या विसाच्या दशकापासून टपाल तिकिटे छापली जात आहेत. तिकिटाचे चित्र काढणाऱ्याला कागद कितीही मोठा मिळाला, तरी ते अखेर दोन-चार सेंटिमीटरांत वाचले जाणार आहे, हे त्याला पहिल्या रेघेपासून ठाऊक असते. माझ्या भाच्याला ते ठाऊक नव्हते. गंगापूर रोडवरच्या एका खोलीत त्याने आणि त्याच्या मैत्रिणीने दीड वर्ष खपून एक छोटा संगणकीय खेळ तयार केला आहे. खेळाचे नाव ‘आवर्तन’. धरणातून पाणी सुटले की खेळणाऱ्याने पाटकरी होऊन रात्रभर दारे धरायची आणि पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोहोचवायचे. या खेळाचे मुखचित्र त्याने मला भिंतीएवढ्या पडद्यावर दाखवले, आणि तेथे ते खरोखरच देखणे दिसत होते. त्यात मावळता सूर्य होता, धरणाची भिंत होती, पाठमोरी मुलगी, बैल, द्राक्षाचे मांडव, बगळे आणि आणखी बरेच काही होते.

संगणकीय खेळ विकणाऱ्या स्टीम या ऑनलाइन दुकानात खेळाच्या मुखचित्राची जी सर्वांत लहान आवृत्ती आपोआप तयार होते, ती १२० बाय ४५ पिक्सेलांची असते. नेहमीच्या घनतेच्या पडद्यावर ही जागा सुमारे सव्वातीन सेंटिमीटर रुंद आणि सव्वा सेंटिमीटर उंच, म्हणजे बऱ्याच टपाल तिकिटांपेक्षा ठेंगणी भरते. साठ सेंटिमीटरांवरून पाहताना तिची रुंदी डोळ्याशी जेमतेम तीन अंशांचा कोन करते. हात लांब करून अंगठ्याचे नख पाहिले तर ते साधारण दोन अंशांचे भरते, आणि आपल्या दृष्टिपटलावरचा सर्वांत तीक्ष्ण भाग, ज्याला पीतबिंदूचा मध्य म्हणतात, तोही जवळपास तेवढेच क्षेत्र टिपतो. याचा अर्थ असा, की पाहणाऱ्याने नेमकी नजर रोखली तरच आपले मुखचित्र त्याला तपशिलाने दिसते. पण नजर रोखावीशी वाटण्याआधी ते त्याला कडेच्या धूसर दृष्टीने दिसून गेलेले असते, आणि निवड होते ती त्या धूसर क्षणी.

कडेच्या दृष्टीचा दोष केवळ धूसरपणाचा नाही. हर्मन बाउमा या डच संशोधकाने १९७० मध्ये दाखवून दिले, की नजरेच्या केंद्रापासून एखादे अक्षर जितके दूर असेल, त्याच्या साधारण निम्म्या अंतरात दुसरी अक्षरे आली तर ते ओळखता येत नाही. ते दिसत असते, पण शेजाऱ्यांत मिसळून जाते. दृष्टिविज्ञानात या परिणामाला गर्दी म्हणतात. नजर दहा अंश दूर असेल, तर सुमारे पाच अंशांच्या आतले सारे एकमेकांत कालवले जाते; आणि आपले संपूर्ण चित्रच तीन अंशांचे आहे. मुलगी, बैल, बगळे आणि मांडव यांचा तेथे एक तपकिरी-नारिंगी गोळा होतो. टिकून राहतो तो एखादा मोठा आकार आणि उजेड-अंधारातला ठळक फरक. म्हणून मुखचित्रात किती गोष्टी आहेत हे विचारण्यात अर्थ नाही, एक गोष्ट शिल्लक उरते का, एवढेच पाहावे.

रंगाच्या बाबतीतही चित्रकाराची फसगत होते. भाच्याने हिरव्या शेतावर लाल अक्षरांत नाव लिहिले होते आणि लाल-हिरव्याचा विरोध पुरेसा आहे अशी त्याची समजूत होती. डोळ्याची बारीक तपशील ओळखणारी यंत्रणा मात्र मुख्यतः उजळपणाच्या फरकावर चालते. रंगातला फरक ती बऱ्याच भोंगळपणे टिपते. जेपेग पद्धतीने चित्र आकुंचित करताना याच उणिवेचा फायदा घेऊन रंगाची माहिती बहुधा कमी तपशिलाने साठवली जाते, त्यामुळे बारीक लाल रेघा हिरव्यात आणखीच फिसकटतात. आम्ही चित्र राखाडी करून पाहिले, तर नाव दिसेनासेच झाले. लाल-हिरवा भेद ज्यांना करता येत नाही, अशा पुरुषांचे प्रमाणही दुर्लक्ष करण्याइतके कमी नाही.

देवनागरीची अडचण इंग्रजी मार्गदर्शनात सापडत नाही, कारण ती त्यांची नाहीच. रोमन अक्षर ४५ पिक्सेलांच्या उंचीत सुखाने पसरते. आपल्याला त्याच उंचीत वेलांटी, मात्रा आणि रफार शिरोरेषेच्या वर बसवायचे असतात, उकार खाली सोडायचे असतात, आणि उरलेल्या जागेत अक्षराचा देह राहतो. ‘आवर्तन’मधला रफार लहान आवृत्तीत शिरोरेषेला चिकटून नाहीसा झाला. खाली राहिले ‘आवतन’. शेजारच्या आजींनी ते वाचून जेवणावळीचा खेळ आहे का, असे विचारले, आणि त्यांचे काहीच चुकले नव्हते.

आजींची प्रतिक्रिया मोलाची होती ती त्यांना खेळाची काहीही माहिती नव्हती म्हणून. स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये एक प्रयोग केला होता. काही जणांनी परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायचा आणि इतरांनी गाणे ओळखायचे. वाजवणाऱ्यांचा अंदाज होता की निम्मी गाणी ओळखली जातील. प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात चाल सुरू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. स्वतःच्या मुखचित्राकडे पाहणाऱ्या निर्मात्याची अवस्था अशीच असते. त्यामुळे परीक्षण करायचे तर चित्र प्रत्यक्ष आकारात, इतर वीस खेळांच्या रांगेत ठेवून, अनोळखी माणसाला एखादा सेकंद दाखवावे, मग झाकावे आणि विचारावे, ‘या खेळात काय करायचे असेल?’ ‘आवडले का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे. आपल्याकडे त्याचे उत्तर ‘छान आहे’ असेच येते, आणि ते चित्राविषयी नसून आपल्या संबंधांविषयी असते.

आकड्यांचा आधार घेतानाही सावध राहावे लागते. दोन मुखचित्रे प्रत्येकी ४०० जणांना दाखवली, एकावर ८ आणि दुसऱ्यावर १२ जणांनी टिचकी मारली, तर दुसरे दीडपट चांगले असे वाटते. पण एवढा फरक निव्वळ योगायोगानेही सहज पडतो. २ टक्के आणि २.५ टक्के यांतला भेद बऱ्यापैकी खात्रीने ओळखायचा असेल, तर प्रत्येक चित्र सुमारे १४ हजार वेळा दाखवावे लागते. छोट्या निर्मात्याकडे इतके पाहणारे क्वचितच असतात. त्यापेक्षा दहा अनोळखी माणसांची उत्तरे शब्दशः लिहून ठेवणे त्याला अधिक शिकवून जाते, असे माझे मत आहे.

मुखचित्रावरची रिकामी जागा प्रशंसेच्या वाक्यांनी भरण्याचा मोह पुष्कळांना होतो. स्टीमने सप्टेंबर २०२२ पासून त्यावर बंदी घातली. मूळ मुखचित्रावर आता चित्र, खेळाचे नाव आणि अधिकृत उपशीर्षक एवढेच चालते.

उरलेले काम वर्णनाने करायचे. स्टीमवर छोट्या वर्णनाला सुमारे ३०० चिन्हांची, तर गूगल प्ले स्टोअरवर ८० चिन्हांची मर्यादा आहे. येथेही लिपीचा हिशेब निराळा पडतो, कारण यूनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरे साठवण्याच्या सर्वमान्य पद्धतीत, काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त यांपैकी प्रत्येक स्वतंत्र चिन्ह धरले जाते. ‘त्री’ आपल्या लेखी एक अक्षर, संगणकाच्या लेखी चार चिन्हे. भाच्याचे पहिले वर्णन असे होते: ‘विस्मृतीत गेलेल्या एका गावाची, पाण्याची आणि माणसांच्या आशा-निराशेची हृदयस्पर्शी कहाणी.’ यात खेळणाऱ्यासाठी एकही क्रियापद नाही. हे वाक्य कादंबरीच्या, माहितीपटाच्या किंवा दिवाळी अंकातल्या कथेच्या खाली लावले तरी बिघडणार नाही, आणि तोच त्याचा दोष आहे. बऱ्याच खाडाखोडीनंतर त्याच्या मैत्रिणीने लिहिले: ‘पाटाला पाणी आले, रात्री दारे धरा, चाळीस शेते भिजवा.’ अक्षरे २१. पण मात्रा-वेलांट्या सुट्या मोजून आणि मोकळ्या जागा व विरामचिन्हे धरून चिन्हे ५१. ८० मध्ये ते आरामात बसते.

चित्र आणि वर्णन एकच गोष्ट सांगतात का, हे शेवटी तपासावे लागते, कारण फसवे मुखचित्र पुढे महागात पडते. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून झाले असेल तर पैसे परत मागता येतात. साहसकथा समजून आलेला माणूस दारे धरून कंटाळायला दोन तास लावत नाही.

नव्या मुखचित्रात एकच गोष्ट आहे: काळोखात पाटाच्या दाराच्या चाकावर टेकलेले दोन हात आणि दारापाशी चमकणारे पाणी. नाव पांढऱ्या, जाड अक्षरांत आहे आणि रफार मुद्दाम शिरोरेषेपासून सुटा काढला आहे. ते तिकिटाच्या आकारात छापून आम्ही चहाच्या टपरीवर दाखवले. गिरणाऱ्याकडून आलेल्या एका शेतकऱ्याने ते क्षणभर पाहिले आणि कागद परत दिला. ‘पाटाचे दार आहे. पण पाणी खालच्या अंगाला तुंबलेले दाखवलेय. बंद दाराला पाणी वरच्या अंगाने चढते.’ त्याच रात्री भाच्याने पाण्याची बाजू बदलली, अक्षरांना मात्र हात लावला नाही.