प्रेझमेरचे तटबंदी चर्च: गावाने बांधलेला किल्ला

आजच्या रुमानियात, ट्रान्सिल्व्हेनियाच्या दक्षिण भागात, गावोगावी तटबंदीची चर्चे दिसतात. ब्राशोव शहराजवळचे प्रेझमेर हे त्यांतले अत्यंत भक्कम. हा किल्ला कोणा सरदाराचा नाही. शेती करणाऱ्या गावकऱ्यांनी तो स्वतःच्या जिवासाठी उभा केला. त्याचे मोल मला यातच वाटते.

बाराव्या शतकाच्या मध्यास हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने सीमाभागात जर्मन भाषक लोक वसवले. तेच पुढे ट्रान्सिल्व्हेनियाचे सॅक्सन म्हणून ओळखले गेले. ब्राशोवच्या परिसरात १२११ मध्ये ट्यूटॉनिक नाइट, म्हणजे जर्मन धर्मयोद्ध्यांचा संघ, आले आणि १२२५ मध्ये हंगेरीच्या तेव्हाच्या राजानेच त्यांना हुसकावून लावले. १२४० मध्ये प्रेझमेरचे चर्च सिस्टर्शियन या कॅथलिक संघाच्या साधूंकडे सोपवण्यात आले. पुढच्याच वर्षी मंगोल स्वारी झाली.

तट मात्र नंतरचा. १४२१ मध्ये तुर्की फौजांनी ब्राशोवचा मुलूख लुटला. प्रेझमेर तर बुझाउ खिंडीकडून येणाऱ्या वाटेवरच. मग पंधराव्या शतकात चर्चभोवती सुमारे बारा मीटर उंच, जागोजागी तीन-चार मीटर जाड असा वर्तुळाकार तट उभा राहिला. बाहेर खंदक होता. एका फळीवर ओळीने बंदुका बसवलेले फिरते यंत्रही इथे होते: एका बाजूच्या बंदुका झाडायच्या, तोवर दुसऱ्या बाजूच्या भरायच्या.

खरी नवलाई तटाच्या आतल्या अंगाला आहे. भिंतीला लागून मजल्यांवर मजले चढवलेल्या अडीचशेहून अधिक खोल्या, लाकडी जिने आणि अरुंद सज्जे. प्रत्येक कुटुंबाची खोली ठरलेली असे. एरवी तिथे धान्य साठवायचे आणि हल्ल्याची वर्दी आली की बायकापोरांसह राहायला यायचे. वेढा पडला तरी मुलांची शाळा बुडू नये म्हणून वर्गखोलीसुद्धा आतच होती! अनेक वेढे सोसलेले हे ठाणे १६११ मध्ये ट्रान्सिल्व्हेनियाचा शासक गाब्रिएल बाथोरी याच्या हाती पडले.

सोळाव्या शतकात सॅक्सन समाजाने मार्टिन ल्यूथरचा प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला आणि हे चर्चही त्या पंथाचे झाले. १९८९ नंतर बहुतेक सॅक्सन जर्मनीला निघून गेले. ट्रान्सिल्व्हेनियातल्याच बिएर्तान गावाचे तटबंदी चर्च १९९३ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. १९९९ मध्ये ती नोंद वाढवून प्रेझमेर आणि आणखी पाच गावे तिच्यात घेण्यात आली.