एकच पट्टी का ओरडते?

"मामा, कितीही हळू दाबली तरी ही पट्टी ओरडतेच!" भाचीने तिच्या डिजिटल पियानोवर मधल्या सप्तकातली पांढरी पाच (G हा सूर) वाजवून दाखवली. शेजारचे सूर मऊ, हा एकटा कानात घुसणारा. तिचं घर सोलापूरच्या साखर पेठेत, गल्लीत यंत्रमागांची खटखट. एका दुरुस्तीवाल्याने पियानोचा आतला सर्किट बोर्डच बदलायला सांगितला होता.

मी आधी हेडफोन लावला. त्यातही तो सूर तसाच ओरडला, म्हणजे स्पीकर निर्दोष. दोष त्याच्या अलीकडे, पट्टीपाशी होता.

या वाद्यात तार नाही. साध्या डिजिटल पियानोत प्रत्येक पट्टीखाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन ठिपके. पट्टी खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा किंचित नंतर. या दोन स्पर्शांमधला वेळ पियानो मोजतो. जोरात मारलं तर वेळ अगदी कमी, हळुवार दाबलं तर जास्त. त्या वेळेवरून 1 ते 127 मधला एक आकडा ठरतो आणि तेवढ्या जोराचा सूर वाजतो. बोटातली ताकद हे यंत्र मोजतच नाही, मोजतं फक्त वेळ. मला ही कल्पना फार सुंदर वाटते.

आता पहिल्या ठिपक्यावर धूळ बसली तर? त्याचा स्पर्श उशिरा नोंदला जातो, दोन स्पर्शांमधलं अंतर घटतं आणि पियानोला वाटतं की पट्टी जोरात हाणली. दुसरा ठिपका उशिरा लागला तर तोच सूर दबका येतो, लागलाच नाही तर मुका.

भाचीने पियानोवर जाड सोलापुरी चादर घातली होती. चादर कौतुकाचीच, पण सुती विणीचे बारीक तंतू तिच्यातून सुटतात आणि पट्ट्यांच्या फटींतून आत उतरतात. वर मागांच्या गल्लीतली धूळ. झाकायला घट्ट विणीचं, तंतू न सोडणारं कापड बरं.

वॉरंटी संपलेली होती, म्हणून अडॅप्टर काढून पियानो उघडला. टोप्यांची रबरी पट्टी उचलली, ठिपके आणि बोर्डावरच्या काळ्या जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या मऊ कापडाने अलगद पुसल्या, पूर्ण वाळू दिल्या. पॉलिश पेपर लावू नये, कार्बनचा थर निघून जातो. तेलाचा फवाराही नको, त्यावर धूळ अधिकच चिकटते. बोर्ड बदलावा लागला नाही.

स्पीकरमधून सतत घरघर येत असेल, तर तिचं कारण निराळं. आपल्या घरातली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते. 88 पट्ट्यांच्या पियानोत डावीकडून सातवी पांढरी पट्टी, म्हणजे सर्वांत खालची पांढरी पाच, 49 हर्ट्झची, जवळजवळ तोच सूर. तिच्या वरच्या सप्तकातली 98 हर्ट्झची, आणि घरघर बऱ्याचदा 100 हर्ट्झलाही ऐकू येते. या दोन पट्ट्या वाजवून पाहा. घरघरीशी सूर जुळला, तर संशय विजेवर घ्या. पियानो लॅपटॉपला आणि बाहेरच्या स्पीकरला जोडलेला असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून पाहा. आवाज थांबला, तर दोन अर्थिंगमधून केबलच्या धातूच्या जाळीत फिरणारा प्रवाह हेच बहुधा कारण. सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घेतल्याने बरेचदा भागतं. अर्थिंगची पिन मात्र कधीही तोडू नका, ती जिवासाठी असते.

हेडफोन काढूनही स्पीकर मुका राहिला, तर बहुधा हेडफोनच्या खोबणीतली पत्ती अडकलेली असते. हेडफोनची पिन दहा-बारा वेळा आत-बाहेर करा. पेडल सोडलं की सूर लांबतात, दाबलं की तुटतात, असं उलटं झालं तर पियानो बंद करून पेडलला पाय न लावता पुन्हा सुरू करा. चालू होताना पेडल ज्या स्थितीत असतं, तिलाच बरेच पियानो 'सोडलेलं' धरतात.

आम्ही सगळं जागेवर बसवलं. भाचीने पट्ट्या ओळीने वाजवल्या आणि एका खालच्या सुराला पुन्हा झणझणाट आला. हेडफोनमध्ये तो नव्हता. मी कपाटावर हात फिरवत गेलो. शेंगा चटणीच्या स्टीलच्या डब्यावर बोट ठेवलं आणि झणझणाट थांबला. त्या सुराची कंपनं झाकणाच्या स्वतःच्या कंपनांशी जुळत होती. डबा स्वयंपाकघरात गेला आणि तिने तोच सूर पुन्हा वाजवला.