वस्तऱ्याला जोर लागत नाही

हा कागद आम्ही वस्तऱ्याच्या खोक्यात सगळ्यांत वर ठेवतो, पहिल्या दाढीआधी वाचला जावा म्हणून. बरेच जण तो दुसऱ्या दाढीआधी वाचतात. दुकानात आल्यावर त्यांच्या हनुवटीकडे पाहूनच ते आम्हाला कळतं.

आमच्याकडे महिन्याभरात परत येणाऱ्या वस्तऱ्यांची तक्रार एकच असते, ‘धार गेली’. भिंगाखाली धरून पाहिलं तर बहुतेक वेळा धार गेलेली नसते, गोल झालेली असते. चामड्याच्या पट्ट्यावर दाबून दाबून घासल्याने ती गोल होते. गालावर कापून घेतात तेही दाबल्यामुळे, आणि घरच्या घरी दगडावर पातं बिघडवतात तेही दाबल्यामुळेच. आपल्या हाताला सेफ्टी रेझरची सवय आहे, तिथे थोडा जोर चालून जातो. इथे पात्याचं स्वतःचं वजन पुरतं.

सलूनमध्ये दिसतो तो वस्तरा आणि हा वस्तरा वेगळे, हेही आधीच सांगून टाकतो. सलूनवाले ब्लेड मधोमध मोडून अर्धं लावतात आणि प्रत्येक गिऱ्हाईकामागे बदलतात. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्ही हे रक्तातून पसरणारे रोग आहेत, त्यामुळे तेच बरोबर आहे. तुमच्या वस्तऱ्याचं पातं कायमचं आहे, म्हणून तो फक्त तुमचा. सख्ख्या भावालासुद्धा देऊ नका.

आधी पट्टा

दाढी शिकायच्या आधी आठवडाभर नुसता पट्टा शिका, म्हणजे एका बाजूला चामडं आणि दुसऱ्या बाजूला कापड असलेल्या पट्ट्यावर पातं घासायला शिका. पट्टा खिडकीच्या गजाला किंवा दाराच्या कडीला अडकवून डाव्या हाताने ताणून धरा. सैल पट्ट्याला झोळ पडतो, आणि त्या झोळातच धार गोल होते. वस्तरा आडवा ठेवा, पाठ (धारेसमोरची जाड कड) आणि धार दोन्ही चामड्याला टेकलेल्या. पाठ पुढे, धार मागे, असा सरकवत न्या. टोकाला पोचलात की पाठ चामड्यावरून न उचलता, पाठीवरच पातं पालटा आणि परत या. धारेवरून पालटलंत तर पट्ट्याला चीर पडलीच म्हणून समजा. आमच्या स्वतःच्या पहिल्या पट्ट्यावर अशा तीन चिरा होत्या, त्यामुळे लाज वाटून घेऊ नका.

आधी कापडी बाजूवर वीस फेऱ्या, मग चामड्यावर चाळीस. सिनेमात सपासप करतात तसं करू नका. वेग आपोआप येतो, घाईने आणलेला वेग फक्त चामडं कापतो. जुने न्हावी तळहातावर पातं फिरवतात, ते पाहायला छान वाटतं. ते त्यांच्यावरच सोडा.

पाणी, साबण, पंखा

दाढी अंघोळीनंतर करा. केस पाणी पितो आणि मऊ होतो, त्याला दोन-तीन मिनिटं तरी लागतात. डब्यातला फेस दिसायला भरपूर, पण कोरडा असतो. ब्रशने घोळलेला साबण त्याहून ओला आणि निसरडा होतो. साबण घोळूनही फेस धरत नसेल तर ब्रशला दोष देण्याआधी नळाकडे पाहा. मुंबईला तानसा-वैतरणा तलावांतून येणाऱ्या पाण्याला फेस लगेच येतो, सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी चढवलेलं असेल तर तोच साबण हट्ट करतो. अशा वेळी मगभर पिण्याचं पाणी गरम करून घ्या. आणि पंखा बंद करा. मे महिन्यात जिवावर येतं, पण पंख्याखाली एका गालाची दाढी होईपर्यंत दुसऱ्या गालावरचा फेस सुकतो.

गाल

आधी कोरड्या गालावरून बोटं फिरवा. केस कोणत्या दिशेने वाढतात ते हाताला कळतं. गालावर ते बहुधा खाली वाढतात, मानेवर मात्र भोवरे असतात, आणि प्रत्येकाचे वेगळे. पहिली फेरी नेहमी केसांच्या दिशेने. उलट्या फेरीचा विचार काही महिन्यांनी करा, नाही केलात तरी बिघडत नाही.

खरं काम मोकळ्या हाताचं आहे. त्याने कातडी ताणलेली नसेल तर पात्यापुढे तिची सुरकुती गोळा होते आणि तीच कापली जाते. बोटं ओली असल्याने निसटतात, म्हणून बोटांच्या टोकांना तुरटी चोळा, पकड येते. मात्र ती बोटं पात्याला लावू नका, तुरटीने पोलाद खराब होतं.

कोन साधारण ३० अंशांचा. घरी कोण कोनमापक घेऊन बसतं? पाठ आणि गाल यांच्यात पाठीच्याच एक-दोन जाडींइतकी फट ठेवा. पातं उभं धरलं तर ते खरवडतं, अगदी आडवं ठेवलं तर केस ओढतं. हात छोटे छोटे मारा. पातं बाजूला कधीही सरकवू नका. केस कापणारी धार बाजूला सरकली की सुरी होते.

पहिले दोन आठवडे फक्त दोन्ही गाल, बाकी नेहमीच्या रेझरने. मग मान, आणि हनुवटी व वरचा ओठ सगळ्यांत शेवटी. रविवार निवडा. ८.१२ ची फास्ट लोकल पकडायची असेल त्या सकाळी हा वस्तरा हातात घेऊ नका, ही आमची कळकळीची विनंती.

कापलंच तर गार पाणी आणि तुरटी. तुरटीने कातडी आकसते, बारीक रक्त थांबतं. खोल जखमेला तिचा उपयोग नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल किंवा चेहऱ्यावर मुरूम उठले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पावसाळा

या पोलादात कार्बन जास्त असतो, म्हणून धार चांगली येते आणि म्हणूनच ते गंजतं. जून ते सप्टेंबरच्या मुंबईत एका रात्रीत ठिपके दिसू शकतात. दाढी झाली की पातं धुवा (नळाला टोक आपटू देऊ नका), मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. पात्याच्या खिळीपाशी मुठीत पाणी लपून बसतं, तिथे कापडाचं टोक घाला. मग वस्तरा तासभर उघडा ठेवा, मिटून लगेच खोक्यात घालू नका. बाथरूममध्ये तर नकोच. चामड्याच्या म्यानातही नको, चामडं ओल धरतं. रोज वापर नसेल तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पात्यावर पसरवा. खोबरेल चिकट होतं.

धार

२०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी ब्लेडची धार सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. पोलादापेक्षा पन्नासेक पट मऊ असलेला केसही काही परिस्थितीत धारेचा कण उडवतो, असं त्यांना दिसलं. म्हणजे कितीही जपलंत तरी वस्तरा कधी ना कधी दगडावर न्यावाच लागतो. साधारण तीन-चार महिन्यांनी, रोज दाढी करत असाल तर जरा आधी. पट्ट्यावर नीट घासूनही केस ओढला जात असेल तर वेळ झाली.

सायकलचं चाक फिरवत ‘धाssर’ म्हणत येणाऱ्याकडे देऊ नका. विळीला तो उत्तम, पण त्याच्या चाकावर पातळ पातं तापतं आणि पोलादाचं पाणी उतरतं. मग आम्हीही काही करू शकत नाही.

प्रवासात वस्तरा चेक-इन सामानात टाका, केबिनच्या बॅगेत तो जप्त होतो.

धारेसाठी आणाल तेव्हा पात्यावर तेल असलं तरी चालेल, आम्ही पुसून घेऊ. फक्त पट्टाही बरोबर आणा. वस्तरा हातात घेण्याआधी आम्ही तोच पाहतो.