ऑनलाइन विश्वकोशाचा स्वयंसेवी संपादक

कोणतेही मानधन न घेता ऑनलाइन विश्वकोशातील लेख लिहिणाऱ्या, तपासणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या वाचकाला स्वयंसेवी संपादक म्हणतात. या प्रकारचा सर्वांत परिचित कोश म्हणजे २००१ साली इंग्रजीत सुरू झालेला विकिपीडिया. त्याची मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी अस्तित्वात आली. येथे संपादकाची नेमणूक होत नाही आणि त्याची पदवीही विचारली जात नाही. प्रत्येक बदल मात्र लेखाच्या इतिहासात तारीख, वेळ आणि सदस्यनामासह राहतो व तो कोणालाही पाहता किंवा उलटवता येतो. नवखा सदस्य धूळपाटीवर सराव करतो, मतभेद लेखाच्या चर्चापानावर आणि सर्वसाधारण प्रश्न चावडीवर मांडले जातात, तर पाने सुरक्षित करणे, वगळणे किंवा उपद्रवी सदस्याला रोखणे हे अधिकार समाजाने निवडलेल्या प्रचालकांकडे असतात.

सातारा जिल्ह्याला कोशरचनेची परंपरा नवी नाही. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम वाईतून चालले आणि त्याचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या कोशात विषयाचा जाणकार नोंद लिहीत असे, संपादक मंडळ ती तपासत असे आणि नोंदीखाली लेखकाचे नाव येई. वाचकाचा विश्वास त्या नावावर आणि मंडळावर असे. स्वयंसेवी संपादकाच्या मागे असे काहीच नसते. त्याचे सदस्यनाम बहुधा टोपणनाव असते, त्यामुळे त्याच्या विधानाला आधार एकच, तो म्हणजे आधी प्रसिद्ध झालेला आणि दुसऱ्याला पडताळता येईल असा संदर्भ. गावातल्या वयोवृद्धाने सांगितलेली हकिगत खरी असली, तरी ती कोठेही छापली गेलेली नसेल तर लेखात घेता येत नाही. हा नियम स्थानिक सदस्यांना जाचक वाटतो आणि त्यांची तक्रार अगदीच निराधार नाही, कारण ग्रामीण महाराष्ट्राबद्दलची बरीच माहिती अजून छापलेलीच नाही. पण तो नियम सोडला तर दोन वाड्यांच्या दोन हकिगतींमध्ये निवाडा कशाच्या जोरावर करायचा, याचे उत्तर उरत नाही.

सातारा-सांगली भागावर लिहिताना संपादकाची खरी परीक्षा जिल्ह्याच्या नावापाशी होते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याची विभागणी होऊन, विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख जोडून, दक्षिण सातारा हा जिल्हा तयार झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १८८५ च्या सातारा गॅझेटियरमध्ये आज सांगली जिल्ह्यात असलेल्या वाळवा आणि तासगाव या तालुक्यांचे वर्णन सापडते. क्रांतिसिंह नाना पाटील यांचे येडेमच्छिंद्र हे गाव आज सांगली जिल्ह्यात आहे, तरी त्यांच्या नेतृत्वाखाली उभे राहिलेले प्रतिसरकार ‘साताऱ्याचे’ म्हणून ओळखले जाते. एखादा उत्साही सदस्य असे लेख उघडून ‘सातारा’ खोडतो आणि ‘सांगली’ लिहितो. दुसरा ते जुन्या पुस्तकाच्या आधारे परत फिरवतो. दोघांच्याही हातात संदर्भ असतो. मार्ग असा की घटनेच्या काळचा जिल्हा लिहावा आणि पुढे ‘सध्याच्या सांगली जिल्ह्यात’ अशी जोड द्यावी. किर्लोस्करवाडीच्या बाबतीत तेवढ्यानेही भागत नाही. १९१० मध्ये वसलेली ही वसाहत तेव्हा औंध संस्थानात होती, म्हणजे ब्रिटिश सातारा जिल्ह्यातही नव्हती. औंध गाव आज सातारा जिल्ह्यात, तर किर्लोस्करवाडी आणि त्याच संस्थानातले आटपाडी सांगली जिल्ह्यात आहे. अशा एका ओळीसाठी तीन-चार पुस्तके चाळावी लागतात, आणि वाचकाला त्या श्रमांचा मागमूसही लागत नाही.

तटस्थतेचा नियम समजायला सोपा वाटतो, पण आपल्या गावावर लिहिताना तो पाळणे कठीण जाते. ‘नाट्यपंढरी सांगली’ हे बिरुद लेखात यावे, पण लोक असे म्हणतात या रूपात. कोशाने ते स्वतःच्या तोंडी घेऊ नये. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ सादर केले, हे निर्विवाद आहे. ते पहिले मराठी नाटक होते, हे विधान मात्र तसेच ठेवता येत नाही, कारण तंजावरच्या भोसले राजांनी त्याच्या पुष्कळ आधी मराठी नाटके लिहिलेली आहेत. आधुनिक मराठी रंगभूमीचा आरंभ भाव्यांच्या या प्रयोगापासून मानला जातो, अशी वाक्यरचना केली की सांगलीचा मान जात नाही आणि तंजावरवर अन्यायही होत नाही. कासच्या पठाराचेही तसेच आहे. युनेस्कोने २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला तो पश्चिम घाट, आणि त्यातल्या ३९ स्थळांपैकी कास हे एक. पर्यटकांसाठीच्या मजकुरात हा फरक सहसा राहत नाही.

सर्वांत जास्त वेळ खाणारे वाद किल्ले, घराणी आणि हयात पुढारी यांच्यावरील लेखांत होतात. निवडणुकीच्या दिवसांत पुढाऱ्यांच्या लेखांत ‘लाडके’, ‘कार्यसम्राट’ अशी विशेषणे भराभर चढतात आणि अलीकडील बदलांची यादी पाहणारे सदस्य ती तितक्याच शांतपणे उतरवतात. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने तो उघड करावा, अशी विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया या संस्थेच्या वापरअटींत २०१४ पासून तरतूद आहे. तिची अंमलबजावणी अर्थातच अवघड आहे, कारण टोपणनावामागचा कार्यकर्ता ओळखू येतो तो फक्त भाषेवरून.

छायाचित्रे चढवणे हे त्यामानाने सुखाचे काम आहे. मेणवलीचा घाट किंवा कऱ्हाडचा प्रीतिसंगम यांचा स्वतः काढलेला फोटो मुक्त परवान्याखाली, म्हणजे इतरांना तो वापरण्याची मुभा ठेवून, देता येतो. वर्तमानपत्रातला फोटो उचलून चढवला तर तो काढून टाकला जातो.

संदर्भांसाठी हा संपादक शेवटी गावोगावच्या नगर वाचनालयांकडेच वळतो, कारण स्थानिक इतिहासाची छोटी पुस्तके आणि स्मरणिका इंटरनेटवर क्वचितच मिळतात. २०१९ च्या महापुरात सांगलीच्या नगर वाचनालयातील हजारो पुस्तके भिजून गेली. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथावरील प्रताधिकार संपतो, आणि असे ग्रंथ स्कॅन करून विकिस्रोत या सहप्रकल्पावर चढवण्याचे, तेथे त्यांचा मजकूर ओळीओळीने तपासण्याचे कामही हेच सदस्य करतात. जुन्या मोडी-वळणाच्या छपाईतील किंवा वाळवीने खाल्लेल्या पानांना त्यात अर्थातच अधिक वेळ लागतो.