नेट जाणं (घरगुती ब्रॉडबँडमधला बिघाड)

घरातलं ब्रॉडबँड मधेच तुटणं, अडकत अडकत चालणं, किंवा वायफायच्या सगळ्या कांड्या भरलेल्या असूनही काहीच न उघडणं, या सगळ्याला पुण्यात मिळून एकच शब्द आहे, 'नेट गेलं'. तो बहुधा 'लाईट गेली'च्या चालीवर पडलाय आणि गोची तिथेच होते. लाईट गेली तर शेजारी डोकावलं की कळतं, नेटचं तसं नाही, ते अडॅप्टरमध्ये जातं, हवेत जातं, खांबावरच्या डब्यात जातं, नाहीतर कंपनीच्या सर्व्हरवर जातं, आणि चारही वेळा मोबाईलवर दिसतं तेच गोल फिरणारं चक्र.

हवा : वायफाय चालतं मुख्यतः २.४ आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत. यातला २.४ चा पट्टा म्हणजे रेडिओच्या जगातलं गायरान, लायसन लागत नाही, कुणीही गुरं सोडावीत. १९४७ च्या अटलांटिक सिटी परिषदेत तो उद्योग, विज्ञान आणि वैद्यकीय कामांसाठी बाजूला काढला गेला, मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच, २.४५ च्या आसपास चालतो. १९८५ ला अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने त्यावर विनापरवाना संदेशवहनाला मुभा दिली, भारतात ही मोकळीक २००५ च्या सुमारास आली.

या गायरानात वायफायची पहिली राहुटी कुणी ठोकली यावर मात्र एकमत नाही. हेडी लमार ही नटी आणि जॉर्ज अँथाइल हा संगीतकार यांच्या १९४२ च्या पेटंटला सगळं श्रेय देणारा मेसेज अधूनमधून ग्रुपवर फिरत येतो. पेटंट खरंच आहे, टॉर्पेडोला दिलेली आज्ञा शत्रूला जॅम करता येऊ नये म्हणून फ्रिक्वेन्सी सारखी बदलत ठेवायची अशी ती युक्ती. पण १९९७ च्या वायफायच्या पहिल्या, ८०२.११ नावाच्या मानकात ही उड्या मारायची पद्धत अनेक पर्यायांपैकी एक होती, आणि १९९९ चं जे ८०२.११बी खरं घरोघरी पोचलं त्याने ती घेतलीच नाही, तेव्हा लमारबाईंचा वारसा सांगायचाच तर तीच पद्धत वापरणाऱ्या ब्लूटूथकडे सांगणं जास्त बरोबर. दुसरा दावा ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा. भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींनी सिग्नलचा चिखल होतो, त्यावर जॉन ओ'सुलिव्हन यांच्या गटाने उपाय काढला, १९९६ ला अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढे कोर्टकचेरी करून संस्थेने बड्या कंपन्यांकडून पैसेही वसूल केले. तिसरं नाव घेतलं जातं मानक समितीचे तेव्हाचे अध्यक्ष विक हेज यांचं. एकट्या जनकापेक्षा समिती ही गोष्ट रुक्ष वाटते खरी, पण नोंदकर्त्याला त्यातल्या त्यात हाच पक्ष पटतो.

हे एवढं सांगायचं कारण, गायरान असल्यामुळेच तिथे कुणाला हटकता येत नाही. पट्ट्यात चॅनल दिसतात तेरा, पण दोन चॅनलमधलं अंतर ५ मेगाहर्ट्झ आणि एकेक सिग्नल पसरतो वीस-बावीस, म्हणून एकमेकांच्या पायात न येणारे तीनच उरतात, १, ६ आणि ११. कोथरूड किंवा वडगावच्या सोसायटीत एका मजल्यावर चार फ्लॅट, वर चार, खाली चार, आणि सगळ्यांचे राउटर 'ऑटो'वर, म्हणजे चॅनल आपापला निवडणारे. रात्री नऊनंतर नेट जातं ते पुष्कळदा असं जातं. ५ गिगाहर्ट्झला जागा मोकळी मिळते पण भिंती कमी ओलांडल्या जातात, त्यामुळे पेठेतल्या जाड भिंतींच्या वाड्यात दुसऱ्या खोलीत गेलं की संपलं. टीव्हीच्या मागे किंवा लोखंडी कपाटावर राउटर ठेवणाऱ्यांबद्दल काय बोलावं.

लाईन : पुण्यात दोन तऱ्हा. एक, थेट घरात फायबर. यात राउटरवर एलओएसचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोचत नाहीये, घरात कितीही खटपट करा काही होणार नाही. दिवा लाल नाही पण नेट तुटतंय तर प्रकाश किती येतोय ते राउटरच्या सेटिंगच्या पानावर बघायचं, आकडा उणे २७ डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं माप) खाली गेला की भरवसा संपला. फायबरला पाण्याचं फारसं काही वाटत नाही, तिला सोसत नाही ती तीव्र मोड, दारात चेपलेली वायर आणि टोकावरची धूळ.

दुसरी तऱ्हा जुन्या केबलवाल्यांची, गच्चीवर किंवा जिन्यात स्विचचा डबा आणि तिथून घरापर्यंत लॅनची वायर. या डब्याला करंट मिळतो कुठल्यातरी भलत्याच बिल्डिंगच्या मीटरवरून. महावितरणचं दुरुस्तीचं काम पुण्यात सहसा गुरुवारी, मग आपल्या घरी लाईट आहे, इन्व्हर्टर आहे, राउटरचे दिवे हिरवे आहेत आणि नेट नाही. या वायरीच्या आठ तारांपैकी निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तुटली तर लिंक बहुधा चालते पण वेग हजार मेगाबिटचा शंभरवर येतो, कारण शंभरला बाकीच्या दोनच जोड्या पुरतात. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवरचं जुनं ब्रॉडबँड आता कमीच, पावसात ते खरखरायचं.

तपासणी : पिंग हा माइक मूस यांनी १९८३ ला लिहिलेला, दुसऱ्या यंत्राला हाक मारून उत्तर येतं का बघणारा छोटासा प्रोग्रॅम अजून पुरतो. आधी राउटरला पिंग करायचं (पत्ता सहसा १९२.१६८.१.१), तिथेच उत्तरं गळत असतील तर दोष हवेत किंवा राउटरमध्ये, लॅपटॉप वायरने जोडून पुन्हा बघावं. राउटर ठीक पण ८.८.८.८ (गूगलचा सर्व्हर) कडून काही येत नाही, तर बहुतेक लाईन. तेही येतंय आणि नुसती साइटची नावं उघडत नाहीत, तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सोय. सगळे दिवे एकदम विझून पुन्हा लागत असतील तर अडॅप्टर, आतला कपॅसिटर (वीज थोडी साठवून धरणारा भाग) सुकला की लोड आल्यावर १२ व्होल्ट टिकत नाहीत. नोंदकर्त्याने दोन महिने कंप्लेंटी टाकल्या, चॅनल बदलले, शेजारच्या काकांवर संशय घेतला, आणि निघाला अडॅप्टर.

बंद-चालू : हा सर्वमान्य उपाय. मेमरी रिकामी होते, चॅनल नव्याने निवडला जातो, म्हणून गुण येतो. किती थांबायचं यावर दोन मतं. दहा सेकंदवाले म्हणतात कपॅसिटर रिकामे झाले की झालं. पण पीपीपीओई लॉगिन (राउटरने नाव-पासवर्ड देऊन कंपनीशी जोडायची पद्धत) असेल तर बटण खटकन बंद केल्यावर राउटर सर्व्हरला जातोय म्हणून सांगतच नाही, तिकडे जुनं सेशन थोडा वेळ तसंच उघडं राहतं आणि काही ठिकाणी नवीन लॉगिन तोवर नाकारलं जातं, तेव्हा दोनेक मिनिटं थांबणारे बरोबर दिसतात. मागच्या बारीक भोकात टाचणी घालणं हा याच उपायाचा जोरदार प्रकार नव्हे, त्याने लॉगिनचं नाव-पासवर्ड पुसलं जातं आणि मग नेटवाल्याला फोन करून, तो उचलेपर्यंत वाट बघावी लागते.