आगगाडीची शिटी (गोवा)

आगगाडीची शिटी : इंजिनचालकाने गार्डला, मागून रेटा देणाऱ्या इंजिनाच्या चालकाला, स्थानकावरच्या कर्मचाऱ्यांना आणि रुळांवरील माणसाजनावरांना दिलेला आवाजी संकेत. फलाटावरच्या प्रवाशाला ती गाडी सुटल्याची खूण वाटते. रेल्वेच्या नियमांत मात्र ती दोनच अक्षरांची भाषा आहे, एक आखूड आणि एक लांब. आणि त्यातले बरेचसे बोलणे प्रवाशासाठी नसतेच.

गोव्यात ही शिटी पोर्तुगीज अमलात आली. मुरगाव बंदर ब्रिटिश हद्दीतल्या रेल्वेला जोडण्यासाठी ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ने मीटरगेज मार्ग घातला आणि 1888 मध्ये तो घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला मिळाला.

वाफेच्या शिटीची रचना साधी आहे. चालकाने दोरी किंवा दांडी ओढली की झडप उघडते. बॉयलरमधली वाफ अरुंद वर्तुळाकार फटीतून पातळ पडद्यासारखी वर उसळते आणि वर बसवलेल्या धातूच्या घंटेच्या धारेवर आपटते. घंटेतली पोकळी घुमू लागते. न्याय बासरीचाच : पोकळी लांब तर स्वर खर्जात, निम्मी केली तर वरच्या सप्तकात. शिटी थंड असेल तर आत साचलेले पाणी आधी फुरफुरत बाहेर पडते, मग स्वर लागतो. 600 मीटरवर उभ्या माणसाला पांढरा फुगारा अगोदर दिसतो, आवाज पावणेदोन सेकंदांनी येतो. ताशी 60 किमी वेगाने गाडी समोरून गेली की शिटीचा स्वर सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. शुद्ध ‘रे’वरून ‘सा’वर यावे, त्याहून किंचित कमी.

भारतीय रेल्वेच्या संकेतांपैकी काही असे : तीन आखूड म्हणजे गार्डने ब्रेक लावावा, गाडी आवरत नाही. एक लांब, एक आखूड म्हणजे ब्रेक सोडावा. चार आखूड वाजल्या की गाडी पुढे जाऊ शकत नाही, गार्डने मागची बाजू सांभाळायची. दोन आखूड नि एक लांब हा साखळी ओढल्याचा इशारा. लांब-आखूड-लांब-आखूड ऐकू आली तर गाडी मधूनच तुटली आहे. फाटक, बोगदा, आंधळे वळण यांच्याआधी एकच लांबलचक शिटी द्यायची. शिटीने भागत नाही तिथे बार उडवतात : ब्रॉडगेजवर अडथळ्यापासून 600 मीटरवर एक आणि 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके रुळावर बांधतात. चाकाखाली ते फुटले की चालकाने वेग आवरून अडथळ्याआधी थांबायच्या तयारीत राहायचे.

या भाषेचा खरा कस लागतो तो कुळे ते कॅसलरॉक या सुमारे 26 किमीच्या ब्रागांझा घाटात. चढ 1:37, म्हणजे 37 मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. मालगाडीला मागून रेटा देणारी इंजिने, म्हणजे ‘बँकर’, लावावी लागतात. वळणे आणि बोगदे असे, की पुढच्या चालकाला मागचा दिसत नाही. पुढचा एक आखूड शिटी देतो : मी तयार. मागचा तशीच एक परत देतो. मगच गाडी हलवायची. दोघांची वेळ चुकली तर डबे जोडणाऱ्या मधल्या कपलिंगांना झटके बसतात. दूधसागरचा धबधबा पाहायला खिडकीत गर्दी करणाऱ्यांना हा सवालजवाब सहसा कळत नाही, आणि पावसाळ्यात पाण्याच्या गर्जनेत तो बुडूनही जातो. उतरताना प्रश्न उलटा, गाडी आवरण्याचा.

घाट उतरून गाडी वास्कोला, समुद्रापाशी पोचली की एक गंमत होते. जहाजांनाही आखूड-लांब भोंग्यांची भाषा आहे, पण वेगळी. रुळांवर तीन आखूड म्हणजे ‘गार्ड, ब्रेक लाव’. बंदरात तीन आखूड म्हणजे ‘माझी यंत्रे उलटी फिरताहेत’. जहाजाचा एक आखूड भोंगा ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असे सांगतो. बंदराच्या टेकडीवर दोन्ही ऐकू येतात. ऐकणाऱ्याने आधी बोलणारा कोण ते ओळखायचे!

1990 च्या दशकात मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आले आणि कोकण रेल्वेही सुरू झाली. वाफ संपली, आता दाबाच्या हवेवर वाजतो तो हॉर्न. लोक त्याला अजून शिटीच म्हणतात, क्वचित भोंगा. चालक आणि गार्ड एकमेकांशी वॉकीटॉकीवर बोलतात, त्यामुळे गाडीतल्या गाडीत शिट्यांचा वापर उरला तो थोडा. बाहेरच्यांसाठीची लांब शिटी मात्र टिकून आहे : पेडण्याच्या आणि बार्सेच्या बोगद्यांआधी, आणि फाटकांच्या अलीकडे, जिथे पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेले असते, म्हणजे सीटी, फाटक. शब्द हिंदी, म्हणून ‘शि’ नव्हे ‘सी’.